बिनडोळ्याचा राघू

लेकीचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत शेंगा निवडत बसले होते. डिसेंबरातली सकाळ, ऊन नुकतंच पायांवर आलेलं. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. थेट विषयाला हात. "आई, ते लाळेरं आहे का गं अजून? राघूवालं?"

तिच्या तोंडून 'लाळेरं' ऐकून मला हसूच आलं. बंगळुरात तिच्या घरी त्या वस्तूला बिब म्हणतात. तशी सहा आहेत. त्यातलं एक सिलिकॉनचं, खाली सांडलेलं झेलायला खिसा असलेलं. बाळंतपणाला मी दोन महिने तिकडे होते, तेव्हा तो खिसा बघून म्हटलं होतं, ही तर गळ्यात बांधलेली गव्हाणच झाली. मग जावयाला गव्हाण म्हणजे काय ते समजावून सांगण्यात अर्धा तास गेला.

"आहे की. कुठं जातंय?" मी म्हटलं.

"हिची लाळ थांबतच नाहीये गं. दिवसाला आठ-आठ झबली बदलतेय. आणि संक्रांतीला बोरन्हाणाला येतोच आहोत, तर..."

नात तीन महिन्यांची झाली होती. म्हणजे लाळेऱ्याची वेळ झालीच होती.

माहेरची पत्र्याची ट्रंक आई गेल्यावर माझ्याकडे आली. तिच्यात तळाशी एक दुपटं, दुपट्यात कुंची आणि कुंचीत हे. पंजा पसरून वर ठेवला तर पुरतं झाकलं जाईल, एवढंच. पुढची बाजू पांढऱ्या पॉपलीनची, आता ताकाच्या रंगावर गेलेली. मधोमध हिरवा राघू, साखळी टाक्याचा. चोच लाल, भरीव टाक्याची, जरा जास्तच भरलेली, त्यामुळे बोटाला टचटचते. शेपटीला तीन पिसं. दोन पोपटी आणि तिसरं काळपट हिरवं, कारण पोपटी दोरा तिथे संपला. डोळ्याच्या जागी नुसतं पॉपलीन.

राघू माझ्या आईने काढला, तेराव्या वर्षी, शाळेत शिवणाच्या तासाला. काळा दोरा बाईंनी वर्गात एकच रीळ फिरवायला दिला होता. तो आईच्या बाकापर्यंत यायच्या आत घंटा झाली. पुढच्या आठवड्यात घालू म्हणून जे राहिलं ते राहिलंच. कडेचा काज-टाका मात्र आजीचा. त्यात एक टाका लांब की एक आखूड, असं काही सापडत नाही. मी भिंग घेऊन पाहिलंय.

हे शिवलं गेलं मामासाठी. आई थोरली, मामा धाकटा, दोघांत तेरा वर्षांचं अंतर. आजीला चाळिशीच्या तोंडावर दिवस गेले तेव्हा घरात लग्नाच्या वयाकडे निघालेली मुलगी होती, त्यामुळे ते डोहाळे जरा लपतछपतच झाले. डोहाळजेवण नाही, फुलांची वाडी नाही. सोलापूरच्या साखर पेठेतल्या वाड्यात कोणी विचारलंही नाही की तुला काय खावंसं वाटतंय. आणि आजीला खावासा वाटत होता हुरडा. तोही वैशाखात.

ज्यांना हुरडा ठाऊक नाही त्यांना ही गंमत कळायची नाही. शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, कणीस दाणा दुधात असताना मोडायचं, गोवऱ्यांच्या आगटीत भाजायचं, तळहातावर चोळून फुंकर मारायची आणि ते हिरवे कोवळे दाणे शेंगाचटणीशी गरम गरम खायचे. हे सगळं थंडीत, पौष-माघात. वैशाखात रानात असतात ती धसकटं. आजी बोलली असेल एकदा कधीतरी, आजोबा हसले असतील, विषय संपला असेल. मामा 1965 च्या कोजागिरीच्या आसपास जन्मला आणि संक्रांतीपर्यंत त्याच्या हनुवटीखाली झरा फुटला.

लाळ गळायला लागली की आमच्याकडे कोणीतरी बाई विचारतेच, "काय गं, काय खायचं राहिलं होतं तुझं?" पोटुशीला जे हवं होतं आणि मिळालं नाही, ते बाळाच्या तोंडून लाळ होऊन गळतं, असं मानायची पद्धत. डॉक्टर वेगळं सांगतात. तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला लाळग्रंथी जोमाने काम करायला लागतात, गिळायचं तंत्र बाळाला अजून नीट जमलेलं नसतं, बांध घालायला पुढचे दातही नसतात, मग ओघळणारच. मला डॉक्टरांचं पटतं. तरी पहिला प्रश्न मला सुचतो तो बायकांचाच.

तर वाड्यात शेजारी होत्या आक्का. तेलुगू बोलणारं घर, मागच्या खोलीत माग, पुढच्या ओसरीवर आक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. हजारावर मजुरी, त्यामुळे बोलताना हात थांबायचे नाहीत. त्यांनी आजीला तो प्रश्न विचारला. आजी म्हणाली, हुरडा. आक्का म्हणाल्या, "मग आता हंगाम हाये की. पोराच्या ओटाला लाव एक दाणा." आजोबांनी खरंच मंगळवारच्या बाजाराला आलेल्या कोणाकडून तरी कणसं आणवली. एका दाण्याचं दूध मामाच्या ओठाला लागलं, उरलेला हुरडा आजीने आणि आक्कांनी ओसरीवर बसून संपवला. आई सांगायची, तेवढी हसताना तिने आजीला नंतर कधी पाहिली नाही.

लाळ थांबली नाही, हे सांगायला नको. म्हणून मग लाळेरं. पॉपलीन चाटी गल्लीतून आणलेलं, आईच्या शाळेच्या पोलक्यातून उरलेलं. अस्तराला आक्कांनी मागावरच्या टॉवेलचा तुकडा दिला, कडेला वीण चुकलेला, विकायला न जाणारा. आणि नाड्या आजीच्या जुन्या इरकलीच्या काठाच्या.

परवा मामा आला तेव्हा ते त्याच्या हातात दिलं. साठी गाठलेला माणूस, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून आयुष्य घातलेलं. मला वाटलं, जरा हळवा होईल. त्याने ते सरळ उलटं केलं, राघूकडे पाहिलंही नाही, आणि अस्तरावर अंगठा फिरवायला लागला.

"तीन पिकाचा हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? सोलापुरात ऱ्हाऊन टॉवेल कसा विणतात म्हाईत नाय व्हय तुला?"

मग त्याने सांगितलं, तेही पानसुपारीच्या डब्याची मांडामांड करून. टॉवेलाच्या मागावर ताण्याचे बीम दोन असतात. एकाचा ताणा ताठ, तो कापडाचं अंग धरतो. दुसऱ्याचा ढिला. धोटा दोनदा आडवं सूत टाकून जातो, त्या एकेका सुताला पीक म्हणायचं, पण फणी ते पूर्ण आत ठोकत नाही, थोडी जागा सोडते. तिसऱ्या सुताला मात्र फणी जोरात येते आणि तिन्ही सुतं एकदमच कापडाला नेऊन भिडवते. ताठ ताणा जागचा हलत नाही. ढिल्या ताण्याला जायला जागाच उरत नाही, म्हणून तो वर उभा राहतो. ते फासे. पाणी पितात ते फासे. "ढिलं सोडल्याबिगर पानी पीत नाय," मामा म्हणाला आणि सुपारी तोंडात टाकली.

मग अंगठ्याने एक जागा दाखवली. कडेपासून बोटभर आत, दोन ओळी फासेच नाहीत, नुसतं सपाट कापड. "हितं पायल बीम, त्यो ढिल्या ताण्याचा, ताठ बसला. त्यानंच तुकडा बाद झाला." मी ते लाळेरं कितीदा धुतलंय, वाळवलंय, पण ती सपाट पट्टी मला कधी दिसली नव्हती. साठ वर्षांपूर्वी एका दुपारी कोणाच्या तरी मागावर काही सेकंद काहीतरी अडलं होतं, त्याच्यामुळे ही वस्तू आमच्या घरात आली.

सोलापुरात लाळेऱ्याला आणखी एक कारण आहे आणि ते कोणी कौतुकाने सांगत नाही. पाणी. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात आठ झबली भिजवायची चैन परवडत नाही. लाळेरं पिळलं, तांब्याभर पाण्यात खळबळलं आणि कठड्यावर टाकलं की आमच्या उन्हात बघता बघता कोरडं. लेकीकडे मशीन आहे. तिला हे हिशेब सांगितले तर ती मान डोलावते, पण ऐकत नसते.

मामानंतर ते माझ्या गळ्यात आलं. वडिलांचं गाव मंगळवेढ्याकडचं, काळ्या रानाचं. तिथला मालदांडी शाळू म्हणजे पांढरा, टपोरा, भाकरी दोन दिवस मऊ राहणारा. आणि आईला दिवस गेले ते 1972 च्या दुष्काळात. पाऊस नाही, शाळू नाही, कडबा नाही म्हणून जनावरं नाहीत. रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि सुकडी खायची. रेशनवर मिळायचा अमेरिकेतून आलेला मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी. त्याची भाकरी मातकट रंगाची, थापताना चिरा पडणारी. त्या नऊ महिन्यांत आईला आंबट नको होतं, गोड नको होतं. पांढरी भाकरी पाहिजे होती. "नुसती बघायला मिळाली असती तरी चाललं असतं," असं ती म्हणायची, आणि हे म्हणताना तिचा हात नकळत भाकरी थापल्यासारखा हलायचा.

मी 1973 च्या चैत्रात झाले, पहिलटकरणीच्या रिवाजाने आजोळी, सोलापुरात. लाळ मामापेक्षा जास्त, असं मामाच सांगतो. एक नाडी मीच तोडली. मग तिथे सेफ्टी पिन आली आणि पिनेचा गंज उतरला. गळ्यापाशी मसुराएवढा तांबडा डाग आहे, तो माझा. पुढच्या वर्षी गावाकडे शाळू आला. पहिल्या भाकरीचा मऊ पापुद्रा दुधात कुस्करून आईने मला भरवला. मी वर्षाची होत आलेली, तरी खास त्या दिवशी लाळेरं बांधलं होतं. आईने स्वतः किती भाकरी खाल्ल्या ते तिने कधी सांगितलं नाही. आजीने सांगितलं. पाच.

माझं स्वतःचं प्रकरण जरा हास्यास्पद आहे. 1998 च्या संक्रांतीला मला सातवा महिना होता. गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरलेला, होम मैदानावर नुसता झगमगाट. सात नंदीध्वज निघाले, सम्मती कट्ट्यावर अक्षता पडल्या, मी सासूबाईंबरोबर लांबून नमस्कार केला. सगळं यथासांग. आणि मला काय हवं होतं? आकाशपाळण्यात बसायचं होतं. सात महिन्यांचं पोट घेऊन. पाळणा वर जाताना पोटात जो गोळा येतो तो मला हवा होता, वरून तलावातले दिवे बघायचे होते. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. घरी येताना त्याने मक्याचं कणीस घेऊन दिलं. माणूस चांगला आहे, पण कणीस म्हणजे पाळणा नव्हे.

लेक मार्चमध्ये झाली. लाळ सुरू झाल्यावर आईने विचारलं, "काय राहिलं होतं?" मी सांगितलं. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आता याचा दाणा कुठून आणू लावायला?"

तुटकी नाडी बदलून पांढरी पट्टी लावली ती मी, तेव्हा.

फोन झाला त्या दिवशी लाळेरं बाहेर काढलं आणि लेकीला फोटो पाठवला. तिचा लगेच निरोप, "डांबरगोळ्या होत्या का त्यात?" होत्या. मीच ठेवल्या होत्या, दर दिवाळीला नव्या. तिच्या बाळाच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं म्हणे, गोळ्यांत ठेवलेले कपडे बाळाच्या अंगाला लावायचे नाहीत. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एक विकर जन्मतःच कमी असतं. अशा बाळाला त्या वासाची बाधा झाली तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ चढते. मी ते वाचून थंड पडले. आमच्या घरात तीन पिढ्यांचे कपडे याच वासात मुरले होते. बाळंतिणीच्या खोलीत ट्रंक उघडली की तोच वास यायचा आणि आम्हांला तो स्वच्छतेचा वाटायचा. कोणाला काही झालं नाही, हे आमचं नशीब.

गोळ्या बाहेर गेल्या. ट्रंक आठ दिवस उघडी. लाळेरं आधी गार पाण्यात रात्रभर भिजत घातलं, कारण दुधाचे डाग गरम पाण्याने पक्के बसतात. मग साधा साबण, हाताने, आणि ऊन. पुन्हा धुणं, पुन्हा ऊन. ब्लीच घातलं नाही. जुन्या सुताचा जीव त्यात जातो. खळ तर चुकूनही नाही. आजी इरकलीला खळ करून ठेवायची आणि खळीच्या वासाने कसर आली ती अर्धी लुगडी खाऊन गेली, हे मी लहानपणी बघितलं होतं. आता ट्रंकेत कडुलिंबाचा पाला आणि लवंगांची पुरचुंडी आहे. कसर त्यांना किती जुमानते ते बघायचं.

उरल्या नाड्या. गळ्याभोवती बांधायचं काही नको, झोपेत तर मुळीच नको, हेही त्याच डॉक्टरांचं. हे ऐकताना मला राग आला, खोटं कशाला बोलू? एक नाडी आजीच्या इरकलीची होती. साठ वर्षांत तिने कोणाचा गळा आवळला नव्हता. दोन दिवस तशीच धुसफुसत होते. तिसऱ्या दिवशी टाके उसवले, मागे टिचबटण लावलं. थोडं ओढलं की आपसूक सुटणारं. इरकलीची नाडी कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवली. पांढरी पट्टी फेकून दिली, ती माझीच होती.

संक्रांतीला सगळी आली. नातीला काळं झबलं, त्यावर हलव्याचे दागिने. गळ्यातला हार तिने पहिल्या मिनिटातच तोंडात घातला आणि तो काढून घेतल्यावर जे भोकाड पसरलं ते वाड्यापर्यंत गेलं असेल. बोरं, चुरमुरे, ऊसाचे करवे, हलवा आणि अलीकडची चॉकलेटं, सगळं डोक्यावरून ओतलं. सोसायटीतली पोरं तुटून पडली. मग दागिने उतरवले आणि राघू बांधला. बांधला कसला, टिचकन लावला.

मामा आला होता, हुरडा घेऊन. ठरवून नाही, हंगामच होता. लेकीने एकटीने दोन वाट्या संपवल्या. मी विचारायची वेळ हीच म्हणून विचारलं, "तुझं काय राहिलं होतं गं?"

ती हसली. "आई, माझं काय राहणार? काही वाटलं की फोनवर बोट ठेवायचं, दहा मिनिटांत दारात." हे खरंच होतं. रात्री दोनला तिने कैरी मागवली होती, तेही मोसम नसताना, आणि आली होती. मी तिच्याकडे होते तेव्हा मला वाटायचं, हिच्या बाळाला लाळेरं लागायचंच नाही.

"मग ही धार कसली?" मामाने नातीच्या हनुवटीकडे बोट केलं.

लेक वाटी घासून पुसून खात होती. खाता खाताच म्हणाली, "झोप. झोप पाहिजे होती मला. अमेरिकेची टीम होती ना, मीटिंगा रात्रीच्या. शेवटच्या आठवड्यापर्यंत. मला रोज वाटायचं, कोणीतरी फक्त म्हणावं, लॅपटॉप बंद कर आणि झोप." आणि वाटी खाली ठेवली.

मी तिच्याकडे गेले होते ती नवव्या महिन्यात. बघितलं होतं मी, रात्री तिच्या खोलीतला उजेड. काम असेल म्हणून दार ओढून घेतलं होतं.

मामा उठला आणि हॉलचा दिवा घालवला. "जा. झोप जा आत. पोरगी आमी बघतो." इतकं साध्या आवाजात की ती खरंच उठली. दुपारचे तीन वाजले होते. पाहुणे चहाचे कप हातात घेऊन मंद उजेडात बसले, कोणी मोठ्याने बोललं नाही. दहा मिनिटांनी आत डोकावले तर ती साडीसकट आडवी, तोंड उघडं, एक हात पलंगाखाली लोंबणारा.

नात माझ्या मांडीवर होती. मुठीत माझं बोट, ते ती हिरड्यांनी दाबत होती. लाळ हनुवटीवरून उतरली, पॉपलीनवर टपकली आणि राघूच्या चोचीपासून पसरत पसरत, जिथे डोळा नाही तिथपर्यंत गेली. मामाने वाकून मागची बाजू अंगठ्याने चाचपली.

"कोरडं हाय अजून," तो म्हणाला.